प्रोसेसर बदलल्यानंतर लॅपटॉप दर अर्ध्या तासाने बंद पडत असेल तर

२०१२ ते २०१४ या काळात घेतलेल्या कमी किमतीच्या लॅपटॉपमधला सेलेरॉन किंवा पेंटियम प्रोसेसर काढून त्या जागी कोअर आय३, आय५ किंवा आय७ बसवला, की पुष्कळदा एक चमत्कारिक तक्रार सुरू होते. लॅपटॉप पहिल्याच दाबाला चालू होतो, विंडोज नव्या प्रोसेसरचे नाव बिनचूक दाखवते, कामाचा वेग वाढल्याचे उघड जाणवते, आणि चालू केल्यापासून साधारण तीस मिनिटे झाली की पडदा एकाएकी काळा होऊन लॅपटॉप बंद पडतो. त्याआधी निळा पडदा येत नाही, कसलाही इशारा मिळत नाही, विंडोज बंद होत असल्याचा संदेशही दिसत नाही. पुन्हा बटण दाबले की लॅपटॉप मुकाट चालू होतो आणि पुन्हा तीस मिनिटांनी तसाच बंद पडतो.

ही तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाने तोवर बरेच उपाय करून पाहिलेले असतात. थर्मल पेस्ट बदललेली असते, पंखा नवा घातलेला असतो, दुसरा अडॅप्टर लावून झालेला असतो, रॅम काढून पुन्हा बसवलेली असते आणि विंडोजही नव्याने टाकलेले असते. यांतला प्रत्येक उपाय एरवी योग्यच आहे, परंतु येथे एकही लागू पडत नाही, कारण कोणताही भाग बिघडलेलाच नसतो. बोर्डावरचा एचएम७० नावाचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप, आपल्याला मान्य नसलेला प्रोसेसर ओळखतो आणि ठरलेल्या वेळी वीज तोडतो. हे ठाऊक नसल्यामुळे लोकांचे पैसे आणि दिवस दोन्ही वाया जाताना मी वारंवार पाहतो, आणि त्यांतले बरेचसे विद्यार्थी असतात, ज्यांच्या खिशाला जुन्या प्रोसेसरची किंमतही जड असते. म्हणून ही अडचण ओळखावी कशी आणि त्यावर करावे काय, हे येथे सविस्तर मांडतो.

उष्णता की चिपसेट, हे आधी ठरवावे

लॅपटॉप अचानक बंद पडला की पहिला संशय उष्णतेवर जातो आणि तो स्वाभाविक आहे. मात्र उष्णतेने बंद पडणाऱ्या लॅपटॉपचे वागणे वेगळे असते. प्रोसेसर तापू लागला की तो आधी स्वतःचा वेग उतरवतो. तेवढ्याने भागले नाही आणि तापमान मर्यादेपलीकडे गेले, तरच वीज तुटते. त्यामुळे बंद पडण्याची वेळ कामावर अवलंबून राहते. जड व्हिडिओ किंवा खेळ चालू असेल तर दहा मिनिटांत बंद पडणारा लॅपटॉप नुसता ठेवला तर तासन् तास चालतो, आणि पंख्यापुढे ठेवला तर आणखी तग धरतो. बंद पडण्याआधी पंखा मोठ्याने घोंघावतो, कीबोर्डची डावी किंवा उजवी बाजू हाताला चटका देते आणि माउसचा बाण अडखळू लागतो.

चिपसेटमुळे बंद पडणाऱ्या लॅपटॉपमध्ये यांतले काहीच घडत नाही. काम हलके असो वा जड, खोली थंड असो वा गरम, वेळ तीच राहते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दोन्ही वेळा ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. ही नोंद यंत्र अनपेक्षितपणे बंद झाले एवढेच सांगते, कारण सांगत नाही, त्यामुळे तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

सर्वांत विश्वासार्ह चाचणी विंडोजच्या बाहेर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. चार्जर लावावा, बॅटरी भरलेली असावी, लॅपटॉप चालू करून लगेच एफ२ किंवा त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबून बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंगच्या पानावर जावे, मोबाइलवर घड्याळ लावावे आणि मग लॅपटॉपला हात लावू नये. या पानावर विंडोज नसते, ड्रायव्हर नसतो, विषाणू नसतो, हार्ड डिस्कचे कामही जवळपास नसते. येथेही तीस मिनिटांच्या आसपास लॅपटॉप बंद पडला, तर विंडोजचा दोष नाही हे निश्चित झाले. दुसऱ्यांदा तीच चाचणी केल्यावर वेळ तीच आली, तर उष्णतेचाही संशय सोडून देण्यास हरकत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: बायोसच्या पानावर प्रोसेसर वीज वाचवणाऱ्या विश्रांतीच्या अवस्थेत जात नाही, त्यामुळे काहीही काम चालू नसताना पंख्याचा आवाज थोडा चढलेला ऐकू येतो. तेवढ्यावरून प्रोसेसर अति तापला असे समजू नये.

यानंतर जुना सेलेरॉन किंवा पेंटियम परत बसवून हीच चाचणी तासभर करावी. जुन्या प्रोसेसरवर लॅपटॉप तासभर निर्धास्त चालला आणि नव्यावर अर्ध्या तासात बंद पडला, तर निदान पूर्ण झाले. जुना प्रोसेसर विकून टाकलेला असेल तर ही पायरी घेता येत नाही. म्हणूनच नवा प्रोसेसर किमान आठवडाभर नीट चालेपर्यंत जुना जपून ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

चिपसेट कोणता, हे कसे पाहावे

सीपीयू-झेड नावाचे छोटे मोफत सॉफ्टवेअर उघडून ‘मेनबोर्ड’ या पानावर गेल्यास ‘साउथब्रिज’ या शब्दासमोर चिपसेटचे नाव दिसते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सिस्टिम डिव्हायसेस’ या यादीत एलपीसी कंट्रोलरच्या नावातही एचएम७०, एचएम७६ असे आकडे येतात. लिनक्स वापरणाऱ्यांना ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा पुरते. लॅपटॉप उघडलेलाच असेल तर बोर्डावरची चौकोनी चिप पाहावी; एचएम७० असेल तर तिच्यावर रोमन अक्षरांत ‘बीडी८२एचएम७०’ आणि ‘एसजेटीएनव्ही’ असे कोरलेले सापडते. अक्षरे बारीक असतात, त्यामुळे मोबाइलचा दिवा तिरका धरून फोटो काढावा आणि तो मोठा करून वाचावा.

लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावर मात्र विसंबू नये. लेनोव्होचा जी५८० हे याचे चांगले उदाहरण आहे. एकाच नावाने विकल्या गेलेल्या या लॅपटॉपांपैकी काहींत एचएम७६ आहे, तर सेलेरॉन किंवा पेंटियम असलेल्या काहींत एचएम७०. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, झाकण उघडले तरी बोर्डाची आखणी जवळपास सारखीच दिसते. मित्राच्या जी५८० मध्ये आय५ वर्षभर सुरळीत चालला, म्हणून आपल्याही चालेल, असे येथे म्हणता येत नाही.

असे का होते

इंटेलने २०१२ मध्ये सात मालिकेतले चिपसेट आणले. लॅपटॉपसाठी त्यांत एचएम७७, एचएम७६, एचएम७५ हे होते आणि सर्वांत स्वस्त लॅपटॉपसाठी एचएम७० होता. एचएम७६ मध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या (वाय-फाय कार्डासारखे भाग जोडण्याच्या) ८ मार्गिका मिळतात, तर एचएम७० मध्ये ४. याहून महत्त्वाचा फरक असा की एचएम७० फक्त सेलेरॉन आणि पेंटियम यांच्यासाठीच ठरवलेला आहे. कोअर मालिकेतला कोणताही प्रोसेसर, अगदी साधा आय३ सुद्धा, त्याच्या यादीत नाही.

ही अट पाळली जाते की नाही हे पाहण्याचे काम चिपसेटच्या आतच असलेला एक छोटा स्वतंत्र नियंत्रक करतो. त्याला मॅनेजमेंट इंजिन म्हणतात. मुख्य प्रोसेसरवर काय चालले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम बायोसच्याच फ्लॅश चिपमध्ये वेगळ्या भागात साठवलेला असतो. लॅपटॉप चालू झाल्यावर हे इंजिन बोर्डाची जुळणी तपासते, आणि ती मान्य नसेल तर लगेच अडवण्याऐवजी तीस मिनिटांची मुदत देऊन वीज बंद करते. त्यामुळे विंडोज बदलून, बायोसमधली एखादी नोंद चालू-बंद करून किंवा ड्रायव्हर काढून टाकून या वेळेवर काहीही परिणाम होत नाही. हा निर्णय विंडोजच्या आवाक्याबाहेर घेतला जातो.

गैरसमजाचे मूळ सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या बोर्डावरच्या जागेत, आहे. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे लॅपटॉपमधले काढता येणारे प्रोसेसर जी२ नावाच्या एकाच सॉकेटात बसतात. पायांची संख्या ९८८, कोपऱ्यावरची खूण तीच, पाठीवरचा आकार तोच. शिवाय सेलेरॉन १०००एम, पेंटियम २०२०एम आणि आय५-३२१०एम या तिघांचीही उष्णतेची नेमून दिलेली मर्यादा ३५ वॅट आहे. म्हणजे सॉकेट जुळतो, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) पुरतो, अडॅप्टर पुरतो, आणि सगळे जुळल्यासारखे वाटते. सॉकेट आणि वॅट पाहून प्रोसेसर घेणाऱ्याने तर्काला धरूनच विचार केलेला असतो. चिपसेटची ही तिसरी अट त्याला कोणी सांगितलेली नसते. दुकानातही प्रोसेसर बसवून विंडोज उघडल्याचे दाखवतात, पाच-दहा मिनिटे चालवून पाहतात आणि लॅपटॉप गिऱ्हाइकाच्या हाती देतात. त्या दहा मिनिटांत लॅपटॉप खरोखरच उत्तम चालतो, त्यामुळे दुकानदाराने फसवले असे म्हणणेही बरेचदा अन्यायाचे ठरते.

जोवर हा प्रश्न सुटत नाही, तोवर असा लॅपटॉप दर अर्ध्या तासाने बंद पडू देत वापरणे धोक्याचे आहे. लिहिणे चालू असताना वीज तुटली तर फाइल अर्धवट राहते, विंडोजचे अपडेट मध्येच तुटले तर ते उघडेनासे होऊ शकते, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला वरचेवर असे बंद पडणे मुळीच मानवत नाही. ज्याच्या प्रबंधाची एकुलती एक प्रत त्याच लॅपटॉपमध्ये आहे त्याने आधी ती प्रत बाहेर काढावी आणि मग दुरुस्तीचा विचार करावा.

उपाय

माझ्या मते शहाणपणाचा उपाय एकच आहे: एचएम७० ला मान्य असलेल्या प्रोसेसरांपैकी वरचा निवडावा. सेलेरॉन १०००एम १.८ गिगाहर्ट्झवर चालतो. त्या जागी २.४ गिगाहर्ट्झचा पेंटियम २०२०एम किंवा २.५ गिगाहर्ट्झचा २०३०एम बसवला तर वेग तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून थोडा अधिक वाढतो. दोन्ही तिसऱ्या पिढीचे आहेत आणि दोघांनाही ३५ वॅटच लागतात. लॅपटॉपमध्ये मुळात दुसऱ्या पिढीचा पेंटियम बी९६० असेल तर हा फरक फारच थोडा पडतो आणि बदलण्याचे कष्ट घेण्यात अर्थ उरत नाही. पेंटियममध्ये हायपर-थ्रेडिंग (एका गाभ्याने एकाच वेळी दोन कामे हाताळणे) आणि टर्बो (गरज पडली की वेग आपोआप वाढवणे) नाही, त्यामुळे तो आय५ ची बरोबरी करणार नाही, हे आधीच मान्य करून पुढे जावे.

दुसऱ्या पिढीकडून तिसऱ्या पिढीकडे जायचे असल्यास, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच कंपनीच्या संकेतस्थळावरचे शेवटचे बायोस अपडेट करून घ्यावे. बायोसला नव्या प्रोसेसरची ओळख नसेल तर पडदाच उजळत नाही आणि मग अपडेट करण्यासाठी जुना प्रोसेसर पुन्हा बसवावा लागतो.

बसवताना घाई करू नये. बॅटरी आणि चार्जर काढून चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे बोर्डात उरलेली वीज निघून जाते. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ सहसा १ ते ४ असे आकडे छापलेले असतात; काढताना आणि घट्ट करताना तोच क्रम पाळावा, आणि घट्ट करताना एक स्क्रू पूर्ण न आवळता प्रत्येकाला थोडे थोडे फिरवत जावे. जी२ सॉकेटच्या कडेला चपट्या तोंडाच्या पेचकसाने फिरवायचा एक स्क्रू असतो आणि त्याच्याजवळ उघड्या व बंद कुलपाची खूण असते. तो अर्धा फेरा फिरवला की प्रोसेसर मोकळा होतो आणि हाताने अलगद उचलता येतो. उचलताना जोर लागत असेल तर स्क्रू पूर्ण फिरलेला नाही असे समजावे. नवा प्रोसेसर ठेवताना त्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवावा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबून बसवावा लागत असेल तर एखादा पाय वाकलेला आहे किंवा दिशा चुकलेली आहे. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखे धातूचे झाकण नसते, सिलिकॉनचा चकचकीत तुकडा उघडाच असतो. त्यामुळे हीटसिंक तिरका टेकवला किंवा एकाच बाजूने आवळला तर त्याचा कोपरा उडतो आणि प्रोसेसर कायमचा निकामी होतो. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. शेजारच्या चिपवर रबरासारखी थर्मल पॅड असेल तर ती काढून तिच्या जागी पेस्ट लावू नये, कारण मधले अंतर पेस्टने भरून निघत नाही.

दुसरा मार्ग तोच बोर्ड एचएम७६ चिपसेटसह मिळवण्याचा. जुन्या लॅपटॉपचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीत नेहरू प्लेसला, असे बोर्ड शोधल्यास मिळू शकतात. बोर्ड घेताना चिपसेटची अक्षरे स्वतः वाचून घ्यावीत, केवळ मॉडेलच्या नावावर विश्वास ठेवू नये. बोर्ड बदलला की विंडोजचा परवाना पुन्हा मागितला जाण्याची शक्यता असते, कारण तो बोर्डाशी बांधलेला असतो. विंडोज ८ पासून कंपनीने दिलेली परवान्याची किल्ली बायोसमध्येच साठवलेली असते आणि ती जुन्या बोर्डासोबत जाते.

तिसरा मार्ग चिप लेव्हल दुरुस्तीचा, म्हणजे बीजीए मशीनवर (बोर्डाला डाक दिलेल्या चिप तापवून काढण्या-बसवण्याच्या यंत्रावर) एचएम७० उतरवून त्या जागी एचएम७६ बसवण्याचा. हे होते, आणि चांगला कारागीर ते नीट करतो. परंतु बोर्डाला बरीच उष्णता द्यावी लागते, नंतर बायोसमधला मॅनेजमेंट इंजिनचा भागही बरेचदा स्वच्छ करून पुन्हा लिहावा लागतो, आणि सगळे करून झाल्यावर हाती येतो तो दहा वर्षांहून जुना बोर्ड. त्या मजुरीत पुढच्या पिढीचा वापरलेला लॅपटॉप घेण्याच्या दिशेने निम्मी वाट सरते. एखाद्याला त्या यंत्राबद्दल विशेष जिव्हाळा असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मी हा सल्ला देत नाही. फ्लॅश चिपला क्लिप लावून फर्मवेअरमध्ये (तिच्यात साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये) फेरफार करण्याचे जे मार्ग सांगितले जातात, तेही घरच्या एकमेव लॅपटॉपवर करून पाहू नयेत. लिहिताना चूक झाली तर लॅपटॉप मुळीच उघडत नाही, आणि मूळ प्रत जपून ठेवलेली नसेल तर तो परत आणणे फार कठीण जाते.

खर्च करण्याआधी आणखी एक विचार करावा. या लॅपटॉपचा संथपणा बहुतेक वेळा प्रोसेसरपेक्षा फिरत्या हार्ड डिस्कमुळे आणि २ किंवा ४ जीबी रॅममुळे असतो. त्या जागी अडीच इंची साटा एसएसडी घातली आणि रॅम ८ जीबी केली, तर जुन्या सेलेरॉनवरही लॅपटॉप उघडण्याचा आणि फाइली सापडण्याचा वेग लगेच पालटतो, आणि त्यासाठी चिपसेटची कोणतीही अट आड येत नाही. विंडोज ११ साठी प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल तर तो सोडूनच द्यावा. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत आणि जी२ सॉकेटात तिसऱ्या पिढीच्या पुढचे काहीच बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असल्यामुळे, इंटरनेटवर वापरायच्या अशा लॅपटॉपवर हलके लिनक्स टाकणे मला अधिक सुरक्षित वाटते.

प्रोसेसर घ्यायचाच ठरला तर दुकानदाराकडून परत घेण्याची हमी आधी बोलून घ्यावी आणि चाचणी दहा मिनिटांवर थांबवू देऊ नये. किमान पाऊण तास लॅपटॉप समोर चालू ठेवून पाहावा. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो बोर्डाला डाक देऊन जोडलेला असतो आणि सॉकेटात बसत नाही; एवढेच नव्हे, तुमच्या लॅपटॉपमध्ये मुळातच सेलेरॉन ८४७ किंवा १००७यू असेल तर बोर्डावर सॉकेटच नसतो आणि प्रोसेसर बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रोसेसर बदललेलाच नसेल तर

कधी कधी प्रोसेसर मूळचाच असतो आणि तरीही लॅपटॉप तीस मिनिटांनी बंद पडू लागतो. अशा वेळी बायोस अलीकडे कोणी लिहिले होते का, हे विचारावे. दुसऱ्या बोर्डाची बायोस फाइल उचलून टाकली गेली असेल किंवा लिहिताना मॅनेजमेंट इंजिनचा भाग खराब झाला असेल, तर इंजिनाला स्वतःचा प्रोग्रॅम नीट सापडत नाही आणि तीच अर्ध्या तासाची मुदत लागू होते. येथे चिपसेट बदलण्याची गरज नसते. बायोस जाणणाऱ्या कारागिराकडे जाऊन, त्या बोर्डासाठीच असलेला इंजिनाचा स्वच्छ भाग प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने फ्लॅश चिपमध्ये लिहून घ्यावा, आणि त्याआधी सध्याची फाइल, ती खराब असली तरी, काढून ठेवायला सांगावी, कारण लॅपटॉपचा अनुक्रमांक, लॅनचा पत्ता आणि विंडोजची किल्ली त्याच फाइलमध्ये असू शकते. लिहून झाल्यावर बायोसच्या पानावरची तीच चाचणी पुन्हा करावी आणि घड्याळ तासाच्या पुढे गेल्यावरच लॅपटॉपची पाठ बंद करावी.